सॉफ्टवेअरला आधी आपलं कोकणातलं वर्ष शिकवा

मी देवगड-मालवण पट्ट्यातल्या छोट्या बांधकामांचं प्लॅनिंग बघतो, घरं, एखादा होमस्टे, कधी शाळेचं रिपेअरिंग, आणि सगळं मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये, म्हणजे कामाचं वेळापत्रक काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, करतो. नवीन इंजिनिअर मुलं फोन करून जे विचारतात ते जवळपास ठरलेलं असतं, तारीख हलतच नाही, नाहीतर तारीख आपोआप हलली, शनिवारी काम दाखवत नाही, प्रिंट मारली तर चाळीस पानं आली. प्रत्येकाला फोनवर समजावण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. मेनूची नावं व्हर्जनप्रमाणे थोडी इकडे तिकडे असतील, पण २०१० नंतरच्या कुठल्याही व्हर्जनला हे चालेल.

सुरुवात कॅलेंडरपासून करायची. खरं तर निम्मे प्रॉब्लेम तिथेच आहेत.

मी पहिल्यांदा एका घराचा पूर्ण प्लॅन केला तेव्हा मालक मुंबईचे होते, त्यांचं एकच म्हणणं, यंदा गणपती नव्या घरात बसवायचा. मी मेहनत घेऊन दीडशे टास्क, म्हणजे एकेक काम, टाकले, सगळे जोडले, रंगीत प्रिंट काढून साईटवर नेली. आमच्या मिस्त्रींनी चष्मा लावून ती वरून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "साहेबांनू, गणपतीच्या दुसऱ्या दिवसाक प्लास्टर? कोण येतलो कामार?" मुख्य काम गणपतीआधी संपत होतं, पण कंपाऊंडचं प्लास्टर बरोब्बर ऋषिपंचमीला पडलं होतं, आणि शिवाय जुलैभर बाहेरची चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत चालू होती. सॉफ्टवेअरने काही चूक केली नव्हती. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की इथे पाऊस पडतो आणि इथे गणपती येतात.

प्रोजेक्टमध्ये जे स्टँडर्ड नावाचं कॅलेंडर असतं ते सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते १२ आणि १ ते ५, शनिवार-रविवार सुट्टी, सण एकही नाही. आपल्याकडे साईट सहा दिवस चालते. म्हणून प्रोजेक्ट टॅबवर जाऊन चेंज वर्किंग टाईम उघडा, क्रिएट न्यू कॅलेंडर करा, स्टँडर्डची कॉपी घ्या आणि त्याला ओळखीचं नाव द्या. मग वर्क वीक्स मध्ये डिटेल्स दाबून शनिवार कामाचा करा आणि वेळा घाला, आमच्याकडे ९ ते १ आणि २ ते ६ असतं. मग एक्सेप्शन्स मध्ये सुट्ट्या, प्रत्येकीला नाव देऊन. शिमग्याचे दिवस गावागावाचे वेगळे असतात, पालखी आपल्या वाडीत कधी येणार ते मिस्त्रींना विचारून मगच भरा. गणपतीची तारीख दरवर्षी बदलते, २०२५ ला २७ ऑगस्ट होती, २०२६ ला १४ सप्टेंबर आहे, म्हणजे जवळजवळ अडीच आठवड्यांचा फरक, त्यामुळे मागच्या वर्षीची फाईल कॉपी केली असेल तर ह्या सुट्ट्या आधी पुसून नव्याने टाका. आणि सुट्टी एक दिवसाची टाकू नका. दीड दिवसाचे गणपती असले तरी माणसं तयारीला आधी दोन-तीन दिवस जातात आणि गौरी-विसर्जन होईपर्यंत काही परत येत नाहीत, मी सरळ दहा दिवस बंद धरतो.

आता इथे बरेच जण अडकतात. कॅलेंडर बनवलं, ओके केलं, आणि तारखा तशाच. कारण बनवणं वेगळं आणि लावणं वेगळं. प्रोजेक्ट इन्फॉर्मेशन उघडून तिथे कॅलेंडरच्या ड्रॉपडाऊनमध्ये आपलं नवीन कॅलेंडर निवडावं लागतं. त्यानंतरही गँट चार्टवर, म्हणजे कामांच्या आडव्या पट्ट्या दिसतात तिथे, शनिवार करडाच दिसत राहील, घाबरू नका, ते फक्त रंगाचं आहे, वरच्या टाईमस्केलवर राईट क्लिक करून नॉन-वर्किंग टाईम मध्ये आपलं कॅलेंडर निवडा. तिसरी जागा सगळ्यात लपलेली, रिसोर्स शीट, म्हणजे कामावरच्या माणसांची यादी. तिथे प्रत्येक रिसोर्सच्या पुढे बेस कॅलेंडरचा कॉलम असतो आणि त्यात स्टँडर्ड लिहिलेलं असतं. तुम्ही टास्कला गवंडी लावला की टास्क गवंड्याच्या कॅलेंडरने चालायला लागतो, प्रोजेक्टच्या नाही, आणि शनिवार पुन्हा सुट्टी होतो. "कालपर्यंत बरोबर होतं, माणसं लावली आणि बिघडलं" असं कोणी म्हणालं की मी थेट हाच कॉलम बघायला सांगतो.

महिन्याचं पण बघून घ्या. कालावधीत एक महिना असं टाकलं की प्रोजेक्ट त्याचे २० कामाचे दिवस धरतो. सहा दिवसांच्या आठवड्यात २० दिवस म्हणजे तीन आठवडे आणि दोन दिवस. तीन महिन्यांचं काम दहा आठवड्यांत संपलेलं दिसतं आणि मालकाला तीच तारीख सांगितली जाते. ऑप्शन्स मध्ये शेड्युलला जाऊन आठवड्याचे तास ४८, महिन्याचे दिवस २५ किंवा २६ करा, आणि तिथेच डिफॉल्ट स्टार्ट टाईम ९ आणि एंड टाईम ६ करा. हे टास्क टाकण्याच्या आधी करा, कारण आत तो सगळं मिनिटांत साठवतो, नंतर बदललंत तर आधी टाकलेला एक महिना ०.८ महिना दिसायला लागेल. मी स्वतः महिने वापरतच नाही, सगळं दिवसांत टाकतो. आणि कालावधीत ४.८८ दिवस असले विचित्र आकडे दिसायला लागले तर समजा की कॅलेंडरच्या वेळा आणि ह्या डिफॉल्ट वेळा जुळत नाहीयेत, डेट फॉरमॅट बदलून तारखेबरोबर वेळ दाखवा, कुठला टास्क ५ ला संपतोय ते लगेच कळतं.

पावसाळ्यासाठी दोन कॅलेंडरं

कोकण रेल्वेला पावसाळ्याचं वेगळं टाईमटेबल असतं, गाड्यांचा वेगच कमी करतात, मग आपल्या प्लॅनला एकच कॅलेंडर बारा महिने कसं पुरेल. मी दोन करतो. एक बाहेरच्या कामाचं, त्यात जून ते सप्टेंबर पूर्ण बंद: खोदाई, पाया, जोतं, चिऱ्याचं बांधकाम, स्लॅब, छप्पर. दुसरं आतल्या कामाचं, त्यात फक्त रविवार आणि सण बंद: वायरिंग, प्लंबिंग, लाद्या, आतला गिलावा, सुतारकाम. टास्कवर डबल क्लिक करून अॅडव्हान्स्ड मध्ये कॅलेंडर निवडता येतं. टास्कला माणसं पण लावलेली असतील तर तो दोन्ही कॅलेंडरांत जो दिवस कामाचा असेल तेवढाच धरतो, हे लक्षात ठेवा, कारण मग कधीकधी टास्क फारच लांब जातो आणि कारण सापडत नाही.

चिरेखाणी पावसात बंद असतात हे सगळ्यांना माहिती आहे, पण प्लॅनमध्ये कोणी लिहीत नाही. ऑक्टोबरला बाहेरचं काम सुरू होतंय म्हणून १ ऑक्टोबरला चिऱ्याची भिंत दाखवतात, आणि खाणीतलं पाणी उपसून चिरा निघायलाच पुढे दिवस जातात, आणि तेव्हाच भातकापणी असते, बिगारी शेतात. चिरे येणं हा वेगळा टास्क टाका आणि भिंत त्याला जोडा. तसंच एप्रिल-मे मध्ये आंब्याचं. आमच्याकडे निम्मी माणसं काढणीला आणि पेट्या भरायला जातात, तेवढे दोन महिने रिसोर्सची मॅक्स युनिट्स, म्हणजे किती माणसं हाताशी आहेत तो आकडा, कमी करून ठेवली तर प्लॅन खरा राहतो. रिसोर्स इन्फॉर्मेशन मध्ये तारखेप्रमाणे युनिट्स टाकायचा छोटा तक्ता असतो, फार लोकांना माहीत नाही.

आणि पाऊस तारीख पाळत नाही. २०२५ ला २४ मे ला मान्सून केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी देवगडला पोचला. ज्यांनी छप्पर ५ जूनपर्यंत धरलं होतं त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. तेव्हापासून मी बाहेरच्या कामाचा शेवट १५ मे च्या पुढे जाऊच देत नाही आणि छपराच्या पुढे "पावसाची राखीव" म्हणून बारा दिवसांचा टास्क ठेवतो, तो मालकाला पण दाखवतो, लपवत नाही.

तारीख हलत नाही

नव्या फाईलमध्ये टास्क मॅन्युअली शेड्युल्ड असतात. पुढे टाचणीचं चित्र दिसलं की तो टास्क मॅन्युअल. मागचा टास्क पंधरा दिवस पुढे गेला तरी हा जागचा हलत नाही. खाली स्टेटस बारवर न्यू टास्क्स लिहिलेलं असतं तिथे क्लिक करून ऑटो करा, आणि आधीचे सगळे निवडून टास्क टॅबवरून ऑटो शेड्युल दाबा.

ऑटो असून पण हलत नसेल तर तुम्ही कधीतरी स्टार्टच्या कॉलममध्ये हाताने तारीख टाकली आहे. ह्यात फार जण फसतात, कारण तो कॉलम तारीख टाकायलाच आहे असं वाटतं. हाताने तारीख टाकली की टास्कवर बंधन बसतं, ह्या तारखेच्या आधी सुरू करू नको असं. माऊसने बार ओढला तरी तेच. डावीकडच्या इंडिकेटर कॉलममध्ये छोटं कॅलेंडर दिसलं की ते बंधन. काढायला कन्स्ट्रेंट टाईप हा कॉलम घाला, पहिल्या टास्कला अॅज सून अॅज पॉसिबल करा आणि कंट्रोल-डी ने खालपर्यंत भरा. तारखा तुम्ही द्यायच्याच नाहीत, तुम्ही द्यायचं किती दिवस आणि कशाच्या मागून, तारीख त्याने काढायची. हे एवढं जमलं की पुढचं सगळं सोपं आहे.

तरी हलत नसेल तर एफ ९ दाबून बघा. कोणीतरी कॅल्क्युलेशन ऑफ केलेलं असतं.

उलटा प्रॉब्लेम, तारीख आपोआप उडते. टास्क निवडून इन्स्पेक्ट दाबा, बाजूला कशामुळे ही तारीख आली ते लिहून येतं, मागचा टास्क, कॅलेंडर, बंधन की लेव्हलिंग (एकच माणूस दोन कामांवर आला की एक काम पुढे ढकलणं). बऱ्याचदा लेव्हलिंग ऑटोमॅटिक राहिलेलं असतं. लेव्हलिंग ऑप्शन्स मध्ये मॅन्युअल करा आणि क्लिअर लेव्हलिंग दाबा. एक गवंड्यांची टीम दोन घरांवर असेल तेव्हा इंडिकेटरमध्ये लाल माणसाचं चित्र दिसतं, ते दिसू दे, उपयोगी आहे, पण कुठलं घर आधी हे मिस्त्रींबरोबर बसून ठरवायचं, बटणावर सोडायचं नाही.

स्लॅबला रविवार नसतो

सेंट्रिंग (स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू) काढायचे दिवस प्लॅनमध्ये नीट टाकणारे फार कमी भेटतात. आयएस ४५६ ह्या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस, बीमला सहा मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढे २१. हे साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटचं आहे, पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) वापरत असाल तर तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून वाढवा. हे दिवस सलग मोजायचे असतात, काँक्रीट रविवारी पण मुरतं आणि गणपतीत पण. पण १४ डी टाकलं तर प्रोजेक्ट कामाचे चौदा दिवस मोजतो, आणि मध्ये सुट्ट्या आल्या तर टेकू विनाकारण तीन आठवडे उभे, भाडं चालू. म्हणून डी च्या आधी ई लावून १४ ईडी असं टाका, मग तो सुट्टी बघत नाही, चोवीस तास मोजतो.

हे लॅग, म्हणजे दोन टास्कमधलं थांबणं, म्हणून प्रिडेसेसरच्या (आधीच्या टास्कच्या) कॉलममध्ये पण टाकता येतं, टास्क नंबर, एफएस (मागचा संपल्यावर पुढचा सुरू), प्लस, १४ ईडी. मला ते आवडत नाही. लॅग कोणाला दिसत नाही आणि घाईच्या वेळी कोणीतरी तो गुपचूप कमी करतो. वेगळा टास्क करा, नाव द्या "स्लॅब पाणी मारणे व टेकू ठेवणे", प्रिंटमध्ये दिसेल, मालकाला पण दिसेल की काम का थांबलंय. फक्त त्या टास्कवर माणूस लावू नका, ईडी असल्यामुळे त्याचे दिवसाला चोवीस तास काम धरले जातात आणि खर्चाचे आकडे बिघडतात. पाणी मारणाऱ्याचा पगार दुसऱ्या टास्कवर टाका.

मालकाची तारीख कुठे लिहायची

गणपती नव्या घरात, म्हणजे ठरलेली तारीख. ही मस्ट फिनिश ऑन म्हणून टाकायची नाही, ते बंधन आहे, मागची कामं उशिरा गेली तरी शेवटची तारीख तिथेच उभी दिसेल आणि खोटा धीर मिळेल. टास्क इन्फॉर्मेशन मध्ये अॅडव्हान्स्डला डेडलाईन असं खातं आहे, तिथे टाका. चार्टवर हिरवा बाण दिसतो, टास्क त्याच्या पुढे गेला की इंडिकेटरमध्ये लाल खूण येते. आमच्या त्या पहिल्या घराला सगळी कॅलेंडरं नीट लावल्यावर मार्चमध्येच ती लाल खूण आली होती. मी मालकांना तेव्हाच फोन करून सांगितलं की पूर्ण घर होणार नाही, पण पडवी आणि माजघर होईल, मखर तिथे मांडता येईल. त्यांनी वरच्या मजल्याच्या लाद्या पुढे ढकलल्या. गणपती नव्या घरातच बसले. हे ऑगस्टमध्ये कळलं असतं तर काहीच करता आलं नसतं.

समरी टास्कला, म्हणजे ठळक हेडिंगच्या ओळीला, लिंक लावू नका आणि माणसं पण लावू नका. आतल्या टास्कना लावा. आणि शेवटचा सोडून प्रत्येक टास्कच्या पुढे काहीतरी जोडलेलं हवं, नाहीतर क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्या कामांना उशीर झाला की शेवटची तारीख हलते ती साखळी, चुकीची येते.

काम सुरू व्हायच्या आधी सेट बेसलाईन करून, म्हणजे मूळ प्लॅनच्या तारखांची नोंद करून ठेवा, एकदाच. नंतर मोठा बदल झाला तर त्यावरच पुन्हा सेट करू नका, बेसलाईन १ मध्ये करा, एकूण अकरा ठेवता येतात. आणि काम झालं म्हणून सरळ १०० टक्के टाकू नका, तसं केलं की प्लॅनमधल्या तारखाच खऱ्या तारखा म्हणून बसतात आणि नऊ दिवस उशीर झालेला कुठेच उरत नाही. अॅक्च्युअल स्टार्ट आणि अॅक्च्युअल फिनिश टाका. दर शनिवारी पगार वाटताना मी मिस्त्रींकडून त्या लिहून घेतो, सगळी माणसं तिथे असतात, कोण कुठल्या दिवशी काय करत होता ते बरोबर निघतं. न झालेलं काम मागच्या तारखांना पडून राहतं, त्यासाठी अपडेट प्रोजेक्ट मध्ये रीशेड्युल अनकम्प्लिटेड वर्क करून आजच्या पुढे ढकला.

बाकी छोट्या गोष्टी. तारखेच्या जागी नुसते हॅश दिसले तर कॉलम रुंद करा. टास्क गायब झाले असतील तर फिल्टर लागलाय, एफ ३ दाबा. चार्टवर बार दिसत नसेल तर टास्क निवडून कंट्रोल-शिफ्ट-एफ ५. कालावधीपुढे प्रश्नचिन्ह आलं तर तो अंदाज आहे, नीट आकडा टाकला की जातं.

तारखेचा फॉरमॅट मात्र छोटी गोष्ट नाही. कॉम्प्युटरचं रिजन अमेरिकेचं असेल तर ५/६ म्हणजे ६ मे. आम्ही एकदा कौलांची तारीख अशीच टाकली आणि कोणीतरी ती ५ जून म्हणून वाचली, आणि कोकणात ६ मे आणि ५ जून मध्ये काय फरक आहे ते तुम्हाला माहिती आहे. विंडोजचं रिजन इंडिया करा, आणि प्रोजेक्टच्या ऑप्शन्स मध्ये महिन्याचं नाव अक्षरात येईल असा फॉरमॅट घ्या.

लाईटचं आपल्याकडे सांगता येत नाही. ऑप्शन्समध्ये सेव्हला जाऊन ऑटो सेव्ह दहा मिनिटांवर ठेवा, आणि फाईल पेनड्राईव्हवरून डायरेक्ट उघडून काम करू नका, आधी डेस्कटॉपवर घ्या. लायसन्स परवडत नसेल तर प्रोजेक्टलिबर हे दुसरं सॉफ्टवेअर फुकट आहे, एमपीपी (मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची) फाईल उघडतो, पण एमपीपीत सेव्ह करत नाही, परत मायक्रोसॉफ्टमध्ये न्यायची असेल तर एक्सएमएल करून द्या, आणि नेल्यावर कॅलेंडर एकदा तपासा.

टास्कची नावं मराठीतच लिहा, युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलंत तर दुसऱ्याच्या मशीनवर नुसती चिन्हं दिसतात. "एक्सकॅव्हेशन" पेक्षा "पाया खोदाई" वाचून मिस्त्री लगेच बोलतात, आणि ते बोलले की चुका सापडतात. प्रिंट पूर्ण प्रोजेक्टची काढू नका. डेट रेंजचा फिल्टर लावून पुढचे तीन आठवडे घ्या, नको ते कॉलम लपवा, पेज सेटअपमध्ये एका पानात बसवा, ए ३ कागद. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर पीडीएफ करून, एमपीपी फोनवर कोणाला उघडत नाही. पावसाळ्यात मी ती प्रिंट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून सिमेंटच्या शेडमध्ये आतल्या बाजूला खिळ्याला लावतो, दारापासून लांब, कारण झड आत येते.